सोनेरी वेदी आणि तिचा अनामिक कारागीर

सिल्वासा येथील चर्च करुणामातेचे, म्हणजे मृत प्रभूला मांडीवर घेऊन बसलेल्या मरियेचे होय. अशा जुन्या लाकडी मूर्तींविषयी कोणी विचारले, तर 'त्या पोर्तुगालहून आल्या' असे आपल्यापैकी पुष्कळ उपदेशक सहज सांगून टाकतात. काही आल्याही असतील. परंतु हे उत्तर सरसकट देणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

जवळच्या मोटी दमणच्या किल्ल्यात १६०३ साली अभिषिक्त झालेले बॉम जेझू चर्च आहे. तेथील वेदीमागचे सोनेरी काष्ठकाम, तसेच रोझरीमातेच्या लहानशा चर्चमधील देवदूतांची बालमुखे व छतावरील गुलाबाच्या पाकळ्या सावकाश पाहाव्यात. शैली बरोक आहे, यात संशय नाही. पण बरोक म्हणजे भावनेचा आवेग: वळलेले देह, उडणारी वस्त्रे. गोव्याच्या कारागिरांनी कोरलेले संत मात्र पुष्कळदा दोन्ही पायांवर सरळ उभे राहतात, डोळे लांबट, केस समांतर रेषांचे, दृष्टी थेट भक्ताकडे. समीक्षक यास कौशल्याची उणीव म्हणत आले. आम्हांस हे मान्य नाही. वेल, पान, पक्षी कोरताना याच परंपरेचा हात किती मोकळा होतो! ज्याला वेल वळवता येते, त्याला संताची मान वळवता येत नव्हती काय? मूर्तीने समोर पाहावे आणि भक्ताने तिचे दर्शन घ्यावे, हा संस्कार त्या हातात आधीच मुरलेला होता. गोव्यातील काही व्यासपीठांच्या तळाशी तर नागकन्याच दिसतात.

या हातांविषयी चर्चची भूमिका सरळ नव्हती. हिंदू चित्रकार ख्रिस्ती चित्रे घरोघर विकतात म्हणून पोर्तुगालच्या राजाने १५४६ साली मनाई केली. १५६७ च्या गोव्यातील प्रांतिक धर्मपरिषदेनेही अशा कारागिरांकडून पवित्र वस्तू करून घेण्यास बंदी घातली. तथापि काम त्यांच्यावाचून अडत होते, आणि ते होतच राहिले. ज्याच्या श्रद्धेला वेदीजवळ जागा नव्हती, त्याची छिन्नी वेदीवर चालली. मूर्तीखाली नाव कोरण्याची चाल नव्हती. पण नाव न टिकण्याचे तेवढेच कारण असेल, असे आम्हांस वाटत नाही. (जुन्या मूर्तींना उत्साहाने तैलरंग फासणाऱ्या धर्मग्रामांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की त्या रंगाखाली जाते ती याच कारागिराची उरलीसुरली खूण.)

नगर हवेली १७८३ साली मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेली. तिच्या जंगलातील सागवानातून १८४३ साली दमणच्या गोदीत 'दों फर्नांदु दुसरा इ ग्लोरिया' हे युद्धजहाज बांधले गेले. ते आज पोर्तुगालमध्ये अल्मादा येथे जतन केलेले आहे, आणि ते बांधणाऱ्या दमणच्या मिस्त्रीचे नाव, यादो सेमोगी, नोंदलेले आहे.