हिशेबाच्या वहींतील अपराध

जुलमी सत्तेशीं ज्या व्यापाऱ्यांनीं सौदे केले, त्यांचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें : 'आमचा नाइलाज होता.' या उत्तरांत खरें किती आणि सोयीचें किती, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें जोसेफ बॉर्किन यांचा 'द क्राइम अँड पनिशमेंट ऑफ आय. जी. फार्बेन' (१९७८) हा ग्रंथ अवश्य वाचावा. बॉर्किन हे वकील; अमेरिकन न्यायखात्याच्या मक्तेदारीविरोधी शाखेंत असतांना त्यांनीं या कंपनीचे व्यवहार जवळून तपासले होते.

बायर, बी. ए. एस. एफ., हेक्स्ट इत्यादि जर्मन रासायनिक कंपन्या १९२५ सालीं एकत्र होऊन आय. जी. फार्बेन उभी राहिली. तिचे प्रमुख कार्ल बॉश हे १९३१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. कोळशापासून पेट्रोल करण्यांत कंपनीचा अतोनात पैसा गुंतला होता, आणि तें पेट्रोल बाजारभावांत परवडत नव्हतें. फेब्रुवारी १९३३ मध्यें कंपनीनें हिटलरच्या निवडणूक-निधीस ४ लक्ष मार्क दिले. डिसेंबरांत सरकारनें त्या पेट्रोलच्या किंमतीची व खपाची हमी दिली. ज्यू शास्त्रज्ञांना घालवूं नये, अशी रदबदली बॉश यांनीं खुद्द हिटलरजवळ केली. ती धुडकावली गेली. करार मात्र राहिला.

ग्रंथाचा मोठा गुण हा कीं, तो कोणी राक्षस उभा करीत नाहीं, पायऱ्या दाखवितो. प्रत्येक पायरी म्हणजे एक शहाणपणाची सही. शेवटची पायरी ऑश्विट्झची. तेथील कारखान्यासाठीं १९४१ सालीं ठरलेला दर असा : अकुशल कैद्यामागें रोज ३ मार्क, कुशल कैद्यामागें ४, आणि हे पैसे कैद्यास नव्हे, एस. एस. संघटनेस! हजारों माणसें मेलीं. ज्या कृत्रिम रबरासाठीं हें सारें झालें, तें तेथें कधींच तयार झालें नाहीं.

न्यूरेंबर्ग येथील खटल्यांत १९४८ सालीं २३ आरोपींपैकीं १३ दोषी ठरले. सर्वांत मोठी शिक्षा ८ वर्षांची. इतर कारखान्यांतील सक्तीच्या मजुरीपुरता नाइलाजाचा बचाव न्यायालयानें बहुमतानें मान्य केला. ऑश्विट्झपुरता नाहीं, कारण तेथें पुढाकार कंपनीचाच होता. न्यायाधीश हेबर्ट यांना ही सवलतहि पटली नाहीं, आणि आम्हांसहि त्यांचेंच मत ग्राह्य वाटतें. नाइलाज एका दिवसांत कोसळत नाहीं. तो हप्त्याहप्त्यानें विकत घेतला जातो. बॉश यांच्याजवळ सदसद्विवेक नव्हता असें नाहीं. परंतु ज्याच्या हमीवर आपला धंदा तरला आहे, त्याच्याशीं भांडण्याची ताकद त्या विवेकांत उरली नव्हती.

ग्रंथांत एक उणीव जाणवते. लेखकाची दृष्टि संचालकांच्या दालनांत अधिक रमते. कैदी येतो तो बहुधा पुरावा म्हणून. ती उणीव भरून काढावयाची तर प्रीमो लेव्ही यांच्याकडे गेलें पाहिजे. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ, आणि याच कारखान्यावरील कैदी. त्यांचें आत्मकथन १९४७ सालींच प्रसिद्ध झालें होतें. हीं दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावींत, म्हणजे त्या ३ मार्कांचा अर्थ कळतो.

ग्रंथाच्या नांवांत गुन्हा आहे व शिक्षाहि आहे. पैकीं दुसरा शब्द किती उपरोधाचा, हें एका गोष्टीवरून दिसेल : ७ वर्षांची शिक्षा झालेले फ्रिट्झ टेर मेर १९५६ सालीं बायरच्या देखरेख मंडळाचे अध्यक्ष झाले.