ताउलचे सांत क्लिमेंत: भिंत आणि चित्र

पिरेनीज पर्वताच्या दक्षिण उतारावर, कातालोनिया आणि आरागॉन यांच्या सीमेलगत बोईचे खोरे आहे. या खोऱ्यात, सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या ताउल गावात, सांत क्लिमेंतचे चर्च उभे आहे. हे चर्च शांतपणे, जवळ जाऊन वाचावे असे आहे. सीमेवर जगणाऱ्या माणसांची धडपड, श्रद्धा आणि कलेची जाण त्यात एकवटली आहे.

वाचनाची सुरुवात खऱ्याखुऱ्या अक्षरांपासून करता येते. आतल्या एका खांबावर रंगाने लिहिलेला लेख होता. १० डिसेंबर ११२३ रोजी बार्बास्त्रोचा बिशप रामोन याने हे चर्च संत क्लिमेंताच्या नावाने पावन केले, असे तो सांगतो. या रामोनला शेजारच्या वेस्काच्या बिशपाने काही वर्षांपूर्वी बार्बास्त्रोतून हुसकावून लावले होते. तरीही इथे तो 'बार्बास्त्रोचा बिशप' म्हणूनच मिरवतो. पूजेच्या या नोंदीत हक्काचा दावाही आहे. दुसऱ्याच दिवशी त्याने याच गावातले सांता मारियाचे चर्च पावन केले. एवढ्याशा गावात लागोपाठ दोन चर्चे उभी राहिली, कारण इथल्या एरिल सरदारांनी आरागॉनच्या राजाबरोबर दक्षिणेकडच्या मुस्लिम सत्तांविरुद्धच्या मोहिमांत भाग घेतला होता. तिथे मिळालेले धन या दगडांत उतरले.

बाहेरून नजर खिळते ती चौकोनी घंटामनोऱ्यावर. जोत्यावर सहा मजले, प्रत्येक मजल्याला छोट्या आंधळ्या कमानींची झालर आणि भिंतीत जोडखिडक्या. ही उत्तर इटलीतल्या लोंबार्दियाच्या गवंड्यांची रीत. डोंगरातल्या ओबडधोबड दगडाला तिने डौल दिला आहे. आत गोल खांबांच्या दोन रांगा, वर लाकडी छप्पर आणि पूर्वेला तीन अर्धवर्तुळाकार गाभारे. बांधणी साधी ठेवली आहे; सगळे वैभव मधल्या गाभाऱ्यासाठी राखून ठेवले आहे.

तिथे अज्ञात चित्रकाराने ख्रिस्त रंगवला. बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत बसलेला, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात उघडा ग्रंथ. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. भुवया आणि नाक यांची रेषा एका दमात काढल्यासारखी, केसांच्या बटा मोजून मांडलेल्या. या काटेकोर मांडणीत चेहरा कोरडा व्हायला हवा होता. पण त्या मोठ्या डोळ्यांमुळे तो जिवंत राहतो. वस्त्राच्या चुण्यांत भूमितीची शिस्त आहे आणि रंगांत धीटपणा आहे. त्यातला निळा एरिनाइट या पिरेनीजमध्ये मिळणाऱ्या खनिजाचा. चित्रकाराचा हात बाहेरच्या जगात मुरलेला, रंग मात्र इथल्या मातीतला! खाली मरिया आणि प्रेषित उभे आहेत. पण चित्रकाराची माया दिसते ती वरच्या कमानीवरच्या, बायबलच्या कथेतल्या गरीब लाजरसात. श्रीमंताच्या दाराशी तो पडला आहे आणि कुत्रा त्याच्या जखमा चाटतो आहे. विश्वाच्या स्वामीइतक्याच मनापासून चित्रकाराने हा भिकारीही रंगवला.

१९०७ मध्ये वास्तुविशारद पुइग इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासमोहिमेने या खोऱ्यातल्या कलेकडे विद्वानांचे लक्ष वेधले. लक्ष गेले तसे गिऱ्हाईकही आले. सांता मारिया दे मुर या चर्चमधली भित्तिचित्रे विकली गेली, तेव्हा बार्सिलोनाचे संग्रहालय मंडळ हलले; ती चित्रे पुढे बोस्टनला पोचली. १९१९ ते १९२३ या काळात इटालियन कारागिरांनी सरस लावलेले कापड भिंतींवर चिकटवून रंगाचा थर सोलून काढला. गुंडाळलेली चित्रे खेचरांवर लादून डोंगराखाली नेण्यात आली. आज ताउलचा ख्रिस्त बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

हा निर्णय योग्य होता, असे मला ठामपणे वाटते. तो घेतला नसता तर हे चित्र कदाचित समुद्रापार गेले असते. पण चित्र वाचले, तरी गाभारा रिता झाला हेही तितकेच खरे. पुढे ताउलमध्ये नक्कल बसवली गेली. २०१३ मध्ये ती काढून भिंतीवर उरलेले मूळ रंगांचे तुकडे मोकळे केले गेले, आणि आता प्रकाशझोतांनी संपूर्ण चित्र काही वेळ तिथे उमटवले जाते. नकलेपेक्षा हे प्रामाणिक आहे. प्रकाश विझला की भिंत आपली जखम झाकत नाही.

बोई खोऱ्यातली नऊ चर्चे २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहेत. रसिकाला माझे सांगणे एवढेच: बार्सिलोनातला ख्रिस्त पाहाच, पण त्याआधी ताउलला जा. मनोरा, खांब आणि ती उघडी भिंत पाहिल्यावरच तो चेहरा कुणासाठी रंगवला होता हे कळते.