आर्तेम्येव यांचे विद्युत्संगीत : पडद्यासह आणि पडद्यावाचून

चित्रपटासाठी रचलेले संगीत चित्रपटावाचूनही ऐकवत असेल तरच ते श्रेष्ठ, असा एक दंडक समीक्षेत नकळत रूढ झालेला आहे. एदुआर्द आर्तेम्येव (१९३७–२०२२) या रशियन संगीतकाराला तो लावू गेल्यास निष्कर्ष विपरीत येतो. त्यांची सर्वांत मोठी कामगिरी या कसोटीस उतरत नाही, आणि जी उतरते ती दुय्यम ठरते.

मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतील शिक्षण १९६० साली आटोपल्यावर ते येवगेनी मुर्झिन या अभियंत्याच्या सान्निध्यात आले. मुर्झिन यांनी सिद्ध केलेल्या यंत्राला स्क्र्याबिनच्या नामाद्याक्षरांवरून ‘एएनएस’ हे नाव मिळाले. त्यात काळा लेप दिलेल्या काचेवर रेघा कोरावयाच्या. त्या रेघांतून शिरणाऱ्या प्रकाशाचे नादात रूपांतर होते. सप्तकाचे भाग येथे १२ नव्हेत, तर ७२. बावीस श्रुतींच्या वादाशी परिचित असलेल्या आपल्या वाचकास त्याचे फारसे नवल वाटू नये. परंतु श्रुती गळ्याने शोधणे निराळे आणि डोळ्याने आखणे निराळे. कोणत्याच स्वरस्थानी घर न करणारा, सरकता नाद आर्तेम्येव यांना लाभला तो या यंत्रामुळे.

आंद्रेई तार्कोव्स्की यांना नेमके हेच हवे होते. आपणांस संगीतकारापेक्षा ध्वनींची व्यवस्था लावणारा मनुष्य हवा आहे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आर्तेम्येव यांनीच सांगितले आहे. ‘सोलारिस’ (१९७२) मधील स्मरणात राहणारी सुरावट बाखची. आर्तेम्येव यांच्या वाट्यास आला तो अज्ञात महासागराचा नाद. ही वाटणी वरकरणी अन्यायाची दिसते.

ती तशी नाही, हे ‘स्टॉकर’ (१९७९) वरून कळते. तिघे जण रुळांवरील लहानशा गाडीतून निषिद्ध ‘क्षेत्रा’त शिरतात. प्रथम चाकांची खडखड तेवढी ऐकू येते. मग तिला प्रतिध्वनी फुटतो, हळूहळू तिचे लोखंडीपण गळून पडते. लोखंडाचा आघात कोठे संपला आणि रचना कोठे सुरू झाली, हे पुनःपुन्हा ऐकूनही मला निश्चित सांगता आलेले नाही. पडद्यावर बहुतांशी चेहरे आणि पाठमोरी डोकी. प्रदेश पालटतो तो श्रोत्याच्या कानात. डोळे मिटून हाच भाग ऐकावा, तर एक चतुर ध्वनिप्रयोग एवढेच त्याचे स्वरूप उरते. याला रचनेची उणीव म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. चेहऱ्यांवाचून ही रचना अपुरी राहावी, अशीच ती बेतलेली आहे.

याउलट ‘मेटॅमॉर्फोसेस’ (१९८०) ही ध्वनिमुद्रिका. यूरी बोग्दानोव्ह व व्लादिमीर मार्तिनोव्ह यांच्या साहाय्याने सिंथी १०० या यंत्रावर मॉन्तेव्हेर्दी, देब्युसी, प्रोकोफिएव्ह प्रभृतींच्या रचना तीत नव्या नादवर्णात मांडलेल्या आहेत. कौशल्य निर्विवाद आहे. तथापि जुन्या मूर्तीला चढविलेला तो नवा मुलामा होय. चाकांची खडखड पालटून टाकणारा रचनाकार तेथे क्वचितच भेटतो.

राहता राहिली ‘स्टॉकर’ची प्रारंभीची धून. ती मात्र पडद्यावाचूनही ऐकवते. पूर्व व पश्चिम यांपैकी कोणत्याच एका बाजूचे संगीत तार्कोव्स्कींना नको होते. तेव्हा आर्तेम्येव यांनी भारतीय संगीतातील अखंड आधारस्वराची कल्पना घेतली, आणि त्यावर बासरी व कॉकेशसकडील ‘तार’ हे तंतुवाद्य योजिले. आपल्या कानाला येथे एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. तंबोऱ्याशी गायकाचा प्रत्येक स्वर जुळवून पाहिला जातो, त्यातून राग उलगडत जातो. येथील सुरावट त्या आधारावर थोडी फिरते आणि परतते, उलगडत नाही. परंतु त्या चित्रपटातील माणसेही ज्या खोलीच्या शोधात निघालेली असतात, तिच्या उंबरठ्यापर्यंतच जातात.