विकृतीतला गांधार

२०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टमध्ये रॉक संगीतातल्या वाद्यांचे एक प्रदर्शन भरले होते. त्यात एडी व्हॅन हेलनची 'फ्रँकेनस्टाइन' नावाची गिटार होती. स्वस्तात घेतलेले लाकडी धड, वेगळी मान, तिसऱ्याच गिटारीतून उपटून बसवलेला पिकअप, चिकटपट्ट्या लावून फवारलेला रंग आणि एकच बटण. त्या बटणावर अक्षरे 'टोन' अशी असली, तरी ते प्रत्यक्षात आवाज कमीजास्त करण्याचे होते. जुळाऱ्याच्या खटपटीतून निघालेली ही वस्तू संग्रहालयात पोहोचली ती केवळ मालकाच्या कीर्तीमुळे, असे मला वाटत नाही. इलेक्ट्रिक गिटार आणि व्हॉल्व्हचा तापलेला अ‍ॅम्प्लिफायर यांची जोडी कशी जमवावी, या प्रश्नाला दिलेले ते एक विचारपूर्वक उत्तर आहे. त्या उत्तराचे वाचन पुढे बाजाराने आणि समीक्षेनेही चुकीचे केले, असे मला या लेखात मांडायचे आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता, त्यांना त्या लालसर काचनळ्या आठवत असतील. तारेच्या कंपनातून पिकअपमध्ये निर्माण होणारा क्षीण विद्युत्संकेत अशा नळ्यांतून मोठा होतो. पण नळीला मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडे संकेत ढकलला की लहरीचे शेंडे कापले जातात, आणि कापलेल्या शेंड्यांच्या जागी मूळ स्वरात नसलेले किंवा क्षीण असलेले उपस्वर उमटतात. इंग्रजीत याला डिस्टॉर्शन म्हणतात. 'हाय गेन' अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एका नळीचा संकेत दुसरीला, दुसरीचा तिसरीला असा चढत्या क्रमाने दिला जातो, त्यामुळे ही कापाकापी हळू वाजवतानाही होते.

डिस्टॉर्शनला मराठीत 'विकृती' म्हणावे लागते, आणि इथेच आपली अडचण सुरू होते. शब्दच निकाल देऊन मोकळा होतो. वास्तविक आपल्या परंपरेत याच जातीच्या गोष्टीसाठी फार सुंदर शब्द आहे : जवारी. तंबोऱ्याच्या घोडीला अगदी सूक्ष्म उतार देऊन, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तार मुद्दाम घासत ठेवायची. ती मोकळी कंप पावू नये, घोडीला पुन्हापुन्हा स्पर्शत राहावी, अशी ही योजना. त्यातून उपस्वरांचा जो झंकार उठतो, त्यालाच आपण तंबोरा 'बोलतो' असे म्हणतो. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या ज्या घराण्यांनी मिरजेत सतारी-तंबोरे घडवण्याची परंपरा उभी केली, त्यांच्या हातातली ही विद्या. जवारीची क्रिया यांत्रिक आणि अ‍ॅम्प्लिफायरची विद्युत, हा फरक मोठा आहे. दोन्ही एकच आहेत असा दावा मी करणार नाही. पण शुद्ध कंपनात हेतुतः अडथळा आणून स्वर समृद्ध करणे, ही कल्पना दोन्हीकडे आहे.

साम्य इथेच थांबत नाही. रॉकमध्ये 'पॉवर कॉर्ड' म्हणून जे सतत वाजते, ते केवळ षड्ज आणि पंचम. गांधार त्यातून वगळलेला असतो. आता थोडा हिशेब करू. षड्ज २०० कंपनांचा, पंचम ३०० कंपनांचा धरला, तर तापलेल्या नळीत त्यांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा स्वरही निर्माण होतो. वजाबाकी १०० : खालच्या सप्तकातला षड्ज. बेरीज ५०० : वरच्या सप्तकातला गांधार. न वाजवलेला गांधार ऐकू येणे हे आपल्याकडे जुळलेल्या तंबोऱ्याचे लक्षण मानतात. ज्या आवाजाला आपले रसिक 'गोंगाट' म्हणून बाजूला सारतात, त्याच्या पोटात अंकगणिताच्या नियमाने तोच गांधार बसलेला आहे.

गांधार प्रत्यक्ष वाजवला तर मात्र गडबड होते. गिटारीचे पडदे सम-विभाजित सप्तकाचे. त्यातला गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा चढा. ४०० च्या षड्जावर गांधार ५०० हवा, तिथे सुमारे ५०४ मिळतो. स्वच्छ आवाजात कान हे चालवून घेतो. नळीत मात्र दोघांची वजाबाकी १०० ऐवजी १०४ येते, म्हणजे खाली षड्जाऐवजी एक बेसूर स्वर गुरगुरू लागतो. व्हॅन हेलन दुसरी तार किंचित उतरवून लावी, ती याचसाठी : ज्या आकारांत गांधार त्या तारेवर येतो, ते आकार गोड व्हावेत म्हणून. बदल्यात इतर काही आकार बिघडत, ते तो बोटांनी सांभाळून घेई. पेटीच्या स्वरांवर आपल्याकडे झालेला वाद ज्यांना माहीत आहे, त्यांना ही धडपड परकी वाटू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा अ‍ॅम्प्लिफायरला गिटार कोणती हवी?

पहिले प्रसिद्ध उत्तर १९६६ चे आहे. जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स' संचाच्या तबकडीसाठी एरिक क्लॅप्टनने गिब्सनची लेस पॉल गिटार मार्शल अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि लंडनच्या डेक्का स्टुडिओत मैफलीइतक्या मोठ्या आवाजात वाजवण्याचा आग्रह धरला. या लेस पॉलमध्ये सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्याने घडवलेला 'हंबकर' पिकअप होता. दोन वेटोळी, उलट दिशेने गुंडाळलेली, चुंबकही उलटे; त्यामुळे तारेचा संकेत बेरजेत येतो आणि विजेच्या तारांतून येणारी घूं मात्र वजा होते. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये ही घूं असतेच, आणि हाय गेन अ‍ॅम्प्लिफायर तारेबरोबर तिलाही तितक्याच इमानाने मोठे करतो. गंमत अशी, की गिब्सनने लेस पॉलचा हा घाट १९६० नंतर बंद केला होता. ही तबकडी गाजल्यावर मागणी वाढली आणि १९६८ मध्ये तो पुन्हा काढावा लागला. कारखान्याने टाकून दिलेल्या वस्तूचे मोल वादकांच्या कानांनी ठरवले, याचे हे ठळक उदाहरण.

व्हॅन हेलनला हा हंबकरचा आवाज हवा होता, पण फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची स्वर हेलकावणारी दांडीही हवी होती. दोन्ही एकत्र असलेली, त्याच्या मनासारखी गिटार तयार मिळेना. म्हणून त्याने ५० डॉलरचे धड आणि ८० डॉलरची मान आणली आणि गिब्सनच्या गिटारीतला हंबकर त्यात घोडीजवळ बसवला. गिब्सनच्या तारा फेंडरपेक्षा किंचित जवळजवळ असतात, म्हणून पिकअप तिरका बसवला. मोठ्या आवाजात पिकअपची वेटोळी स्वतःच थरथरून शिट्टी मारतात, म्हणून ती वितळलेल्या मेणात बुडवली. या प्रयोगात काही पिकअप वायाही गेले. प्रत्येक बदलाला कारण आहे, आणि ते कारण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. गिटार एकटी पाहिली तर हे ध्यान विचित्र दिसते. जोडीत पाहिली तर त्यात अनावश्यक काही उरत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर होता मार्शलचा १०० वॅटचा 'सुपर लीड'. त्याची सर्व बटणे पूर्ण फिरवून तो वाजवी, आणि व्हेरिअ‍ॅक नावाच्या साधनाने त्याला मिळणारा वीजदाब बदली. सुरुवातीच्या एका मुलाखतीत त्याने दाब वाढवत असल्याचे सांगितले होते. पुढे मात्र १२० व्होल्टवरून ९० च्या आसपास उतरवत असल्याचे तोच सांगत राहिला. वाढवण्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवून लोकांनी अ‍ॅम्प्लिफायर जाळले. कलावंताची साक्ष पुरावा म्हणून वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. शिवाय १९७८ च्या पहिल्या तबकडीवरील काही गाणी आयबानेझच्या 'डिस्ट्रॉयर'वर वाजवलेली आहेत. एकाच जादुई गिटारीची दंतकथा तबकडीपुढे टिकत नाही.

बाजाराने या सगळ्याचा अर्थ असा लावला : जोरकस अ‍ॅम्प्लिफायरला जोरकस पिकअप. मीही हा धडा पैसे मोजून शिकलो. दुकानदाराच्या सल्ल्याने जादा वेढ्यांचा 'गरम' पिकअप बसवून घेतला, एका स्नेह्याच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, आणि सुरांची खिचडी झाली. तारा वेगळ्या ऐकू येईनात. हळू आणि जोरात यांतला फरक नाहीसा झाला. कंटाळून गिटारीवरचे बटण अर्ध्यावर आणले, तेव्हा स्वर मोकळे झाले. म्हणजे विकत घेतलेला जोर मी बटणाने परत देत होतो. घरी आल्यावर मी कारण शोधू लागलो.

कारण साधे आहे. पिकअपवर वेढे वाढवले की संकेत वाढतो, पण वरच्या पट्टीतली धार बोथट होते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गेन कमी असेल तर हा सौदा फायद्याचा. १९७० च्या दशकाच्या आरंभी डिमार्झिओचा 'सुपर डिस्टॉर्शन' पिकअप आला, तो अशाच अ‍ॅम्प्लिफायरना ढकलण्यासाठी. पुढे अ‍ॅम्प्लिफायरमध्येच चढत्या नळ्या आल्या, प्रश्न बदलला, उत्तर मात्र तेच विकले जात राहिले. ज्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जोर मुबलक आहे, त्याला गिटारीकडून स्पष्टता हवी असते : मध्यम ताकदीचा हंबकर, मेणात बसवलेली वेटोळी, ताणलेल्या खर्जाच्या तारा आणि आवाज उतरवला तरी धार न सोडणारे बटण.

याला नियम मात्र मानू नये. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके बर्मिंगहॅमच्या कारखान्यात कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारी तीच बोटे. त्याला ताण सहन होईना. म्हणून पातळ तारा, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'च्या सुमारास खाली उतरवलेली पट्टी. मी वर सांगितलेल्या सूत्राच्या अगदी उलट. त्या सैल, जड खर्जातून हेवी मेटलचा चेहरा घडला. त्याच्या हातांसाठी तेच बरोबर होते.

आपली वाद्यसमीक्षा वाद्याला एकटे पाहते. लाकूड कुठले, कारागीर कोण, साल कुठले. मिरजेचा कारागीर मात्र तंबोरा देताना गाणाऱ्याची पट्टी विचारतो, आणि जवारी त्या पट्टीला धरून लावतो. पट्टी बदलली की धागा हलवावा लागतो, हे त्याला कुणी समजावावे लागत नाही. गिटार विकत घ्यायला निघालेल्या मुलांना, आणि त्यांच्यासोबत दुकानात जाणाऱ्या आईवडिलांना, मी एवढेच सुचवीन : अ‍ॅम्प्लिफायर आधी ठरवा, गिटार त्याला जोडून ऐका, आणि ऐकताना बटण एकदा तरी अर्ध्यावर आणा. षड्ज-पंचम छेडा. वर कुठेतरी गांधार ऐकू येतो का, तेवढे पाहा.