स्मृतिचित्रांतील विसरणे

लक्ष्मीबाई टिळकांनी सारे कडू विसरून लिहिले, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडून गेला आहे. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून निघू लागले, तेव्हापासूनचाच हा गौरव असावा. मला तो मान्य नाही. या बाईने काहीही विसरलेले नाही.

विसरणारे होते टिळक. न सांगता घराबाहेर पडावे, हातातला पैसा समोरच्याला देऊन टाकावा, घरात शिधा आहे की नाही याची शुद्ध नसावी! लक्ष्मीबाई हे सांगतात आणि आपण हसतो. परंतु चूल पेटलीच पाहिजे हे कोणीतरी लक्षात ठेवीत होते, म्हणूनच कवीला विसरणे परवडले. फ्रॉइडने १९०१ साली रोजच्या विसराळूपणामागील दडलेले हेतू शोधले. येथे इतके खोल जाण्याचे कारण नाही. संसाराची आठवण ठेवणे हे आपले काम आहे, असे त्या काळच्या पुरुषाला वाटतच नसे. लक्ष्मीबाईंची तल्लख स्मरणशक्ती दैवी देणगी म्हणून वाखाणली जाते. मी तिला त्या संसारातली कमाई समजतो.

दुसरे विसरणे भयंकर आहे, आणि ते ग्रंथाच्या आरंभीच येते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्यानंतर त्यांचे वडील नाना गोखले सोवळ्याच्या वेडात सापडले. बाहेरून आलेली वस्तू धुवावयाची, पुन्हा धुवावयाची. जलालपूरच्या त्या घरातील बायकामुलांनी हे निमूटपणे सोसले. लक्ष्मीबाई मानसशास्त्र सांगत बसत नाहीत. फाशी आणि सोवळे ही दोन एकमेकांशेजारी ठेवून त्या पुढे जातात. मला त्यात दिसते ते असे, की मनाने जे आठवावयाचे नाकारले, ते नानांचे हात रोज आठवीत राहिले.

मी वणीस राहतो. गडावरील सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर २०२२ साली उतरविण्यात आला. पिढ्यान् पिढ्यांच्या भक्तीने चढत गेलेला तो थर हजार किलोंहून अधिक भरला, आणि खालचे मूळचे कोरीव रूप डोळ्यांसमोर आले. लक्ष्मीबाईंवरही असाच एक थर चढला आहे, ‘सोशिक माउली’चा. तोही भक्तीचाच. त्याखाली पाहावे तर १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाल्यापासून त्या स्वतः १९०० मध्ये बाप्तिस्मा घेईपर्यंतची वर्षे उघडी आहेत: संताप, मानहानी, परक्याच्या आश्रयाने काढलेले दिवस. स्वतःच्या मनातला विटाळ पायरीपायरीने कसा सुटला, हेही त्या लपवीत नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. कधी कधी विनोद इतक्या तातडीने धावून येतो, की दुःखाला उभे राहावयास जागा उरत नाही. तेथे त्याही काही दडपीत आहेत, असा मला संशय येतो. टिळकांच्या रागाचे प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावेत. शेवटचे वाक्य हसवते, त्याच्या आधीचे हसवीत नाही.

आम्हांला शाळेत जे उतारे होते, ते सगळे हसण्याचे होते. फाशीचे पान मी पुष्कळ उशिरा वाचले.