बिगर-आर्थिक प्रेरणा आणि आशा स्वयंसेविका : एक चिकित्सा

प्रस्तावना :
केवळ पैशाने कर्मचारी प्रेरित होत नाही, हे विधान मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत सर्वमान्य झाले आहे. प्रशस्तिपत्र, जाहीर सत्कार, मानचिन्ह अशा बिगर-आर्थिक पारितोषिकांचा त्यामुळेच पुरस्कार केला जातो. प्रस्तुत लेखात ग्रामीण आरोग्यसेवेच्या संदर्भात या विधानाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
या विधानास फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या द्विघटक सिद्धान्ताचा (१९५९) आधार दिला जातो. मान्यता, जबाबदारी व कार्यसिद्धी हे प्रेरक घटक, तर वेतन व सेवेची सुरक्षितता हे आरोग्यरक्षक घटक होत. परंतु आरोग्यरक्षक घटकांच्या अभावी असंतोष निर्माण होतो आणि तो प्रेरक घटकांनी दूर होत नाही, हा सिद्धान्ताचा उत्तरार्ध बहुधा दुर्लक्षिला जातो. शिवाय मूळ अभ्यास पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांवर आधारलेला होता. नियमित वेतन त्यांना मिळतच होते.

आशा स्वयंसेविकेची स्थिती याहून भिन्न आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारणतः १००० लोकसंख्येमागे एक आशा नेमण्याचे धोरण ठरले. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंगसारख्या गावात गर्भवतींची नोंद, बालकांचे लसीकरण, प्रसूतीसाठी रुग्णालयापर्यंत सोबत ही कामे आशांकडे असतात. तरीही आशा ही 'कर्मचारी' नसून 'स्वयंसेविका' गणली जाते; तिला वेतन नव्हे, तर मानधन व कामागणिक मोबदला मिळतो.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. याहून मोठी मान्यता क्वचितच संभवते. तथापि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने दरमहा ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. गौरवाने हा प्रश्न सुटला नव्हता, हे यातून स्पष्ट होते.

याचा अर्थ सन्मान निरुपयोगी आहे असा नव्हे. वैद्यकीय अधिकाऱ्याने आशेच्या नोंदींवर विश्वास ठेवणे, रात्री रुग्णासोबत आलेल्या आशेस रुग्णालयात विसाव्याची जागा मिळणे, ही मान्यतेचीच रूपे होत. समारंभातील शालीपेक्षा त्यांचे मोल अधिक आहे. सन्मान वेतनास पूरक असेल तर प्रेरणा देतो. वेतनाचा पर्याय म्हणून दिल्यास मात्र तो काटकसरीचे साधन बनतो.

निष्कर्ष :
बिगर-आर्थिक पारितोषिकाची योजना आखण्यापूर्वी मोबदला न्याय्य आहे काय आणि सेवेचा दर्जा निश्चित आहे काय, हे दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. शिक्षकदिनी तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा सत्कार करणाऱ्या महाविद्यालयांनाही हाच निकष लागू पडतो.