शिवजन्मतिथि आणि राज्यकर्त्यांचें मतांतर

शिवनेरीवर दर वर्षीं १९ फेब्रुवारीस महाराष्ट्र शासनाचा शिवजन्मोत्सव होतो. फाल्गुन वद्य तृतीयेस तिथीप्रमाणें उत्सव करणारेही पुष्कळ आहेत. एका जन्माचे दोन उत्सव पाहून परगांवचा मनुष्य बुचकळ्यांत पडतो. पण हा भेद केवळ पंचांगाचा होय. मूळ दिवस एकच. खरा वाद शके १५४९ कीं शके १५५१, असा होता. संशोधकांनीं तो कसा सोडविला हें वाचकांस ठाऊकच आहे. लोकनायकांनीं व राज्यकर्त्यांनीं त्यांत मत कसें बदललें, किंवा बदलण्यास किती विलंब लाविला, याचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

बखरींच्या आधारें वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथि रूढ झाली होती. कांहीं ठिकाणीं तिच्याबरोबर गुरुवार दिलेला आहे. गणितानें तो वार जुळत नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९०० च्या एप्रिलांत 'केसरी'मध्यें या प्रश्नाची चर्चा केली होती. पुढें कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची शकावली त्यांच्या हातीं आली. तींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार, हस्त नक्षत्र आणि जन्मस्थान शिवनेरी, इतका स्पष्ट उल्लेख निघाला. १८९६ मध्यें रायगडावर शिवोत्सव मांडणाऱ्या पुढाऱ्यास हा कागद सोयीचा होता, असें म्हणवत नाहीं. लोक जी तिथि मानीत होते तिलाच त्यानें धक्का बसत होता. तरी लोकमान्यांनीं १९१६ मध्यें ती शकावली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलन-वृत्तांत टिपांसह प्रसिद्ध केली. याच वर्षीं ते होमरूल लीगची उभारणी करीत होते. कागद वर्षभर पेटींत राहिला असता तरी त्यांस कोणी जाब विचारला नसता.

न्यायशास्त्रांत बावीस निग्रहस्थानें सांगितलीं आहेत. त्यांतील पहिलें प्रतिज्ञाहानि, म्हणजे स्वतःचा पक्ष सोडणें. राजकारणी पुरुष मत बदलण्यास भितो तो याच पराजयाच्या भयानें. परंतु शास्त्रकारांनीं वाद आणि जल्प हे भिन्न मानिले आहेत. जल्पांत जिंकावयाचें असतें, म्हणून तेथें बावीसही निग्रहस्थानें लागू. वादांत तत्त्वनिर्णय हवा असतो. तेथें हेत्वाभास, अपसिद्धान्त अशीं मोजकींच दाखवावयाचीं, आणि प्रतिज्ञाहानीचा त्यांत समावेश नाहीं. आमच्या सभागृहांतून वाद किती चालतो आणि जल्प किती, हें वाचकांनींच ठरवावें.

याच्या उलटही बोलतां येईल. हातीं आलेल्या प्रत्येक चिटोऱ्याबरोबर राज्यकर्त्यानें उत्सव हलवूं नये, हें आम्हांसही मान्य आहे. शकावली ही एकच साक्ष होती, आणि लेखकाच्या हातून आंकडा चुकतो. म्हणून १९१६ नंतर कांहीं काळ थांबणें यांत विवेकच होता. परंतु १९२७ मध्यें स. म. दिवेकरांनीं कवींद्र परमानंदाचें शिवभारत छापिलें आणि दुसरी, स्वतंत्र साक्ष उभी राहिली. तेथेंही फाल्गुन वद्य तृतीयाच, व वेळ रात्रीची. शक शब्दांकांनीं दिला आहे: पृथ्वी एक, बाण पांच, प्राण पांच, चंद्र एक. अंकांची गति डावीकडे असते हा नियम विसरणाऱ्याची एरवीं फजिती होते; येथें मात्र कोणीकडूनही वाचा, १५५१ च येतात! जोधपूरच्या संग्रहांतील जन्मकुंडलीनेंही याच तिथीस पुष्टि दिली. यानंतर थांबणें हा विवेक राहिला नाहीं.

तरीही लोक व शासन थांबलेच. १९६६ मध्यें शासनानें समिति नेमिली. तींत दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, न. र. फाटक, आप्पासाहेब पवार व ब. मो. पुरंदरे होते. एकमत झालें नाहीं. फाटकांचा कल जुन्या तिथीकडे होता, आणि तसें म्हणण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता. दोष त्यांचा नव्हे. पंडितांचें एकमत होईपर्यंत जुनें चालूं द्यावें, हें शासनाचें धोरण मात्र आम्हांस सदोष वाटतें. पंडितांचें एकमत कोणत्या प्रश्नावर झालें आहे? १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनानें २००१ मध्यें मान्य केली. म्हणजे शिवभारत छापल्यावर चौऱ्याहत्तर वर्षें, आणि समिति नेमल्यावर पस्तीस.

जातां जातां एक गोष्ट. ही १९ फेब्रुवारी जुन्या, ज्युलियन गणनेची आहे. आज चालणाऱ्या गणनेनें तो दिवस १ मार्च १६३० येतो. वार दोन्हींकडे शुक्रवारच. सुटीची तारीख पुन्हां हलवा असें आमचें म्हणणें नाहीं, पण हा फरक शाळेंतील मुलांस सांगण्यास काय हरकत आहे?

शिवनेरीवर एक शिळा बसवावी. तिच्यावर पूर्वीची तिथि, नवी तिथि, आणि जिच्यामुळें हा पालट झाला तीं साधनें नांवानिशीं कोरावीं, अशी आमची शासनास सूचना आहे. जुनी तिथि खोडून नव्हे, तिच्याच खालीं नवी. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतील ज्या घरांत देशमुखी-देशपांड्यांचे किंवा कुळकर्णाचे रुमाल अद्याप माळ्यावर असतील, त्यांनीं ते वाळवी लागण्यापूर्वीं सोडून पहावे, आणि त्यांतील कागद मान्य तिथीच्या विरुद्ध गेला तरी तो आमच्याकडे निःशंकपणें पाठवावा.